डावा कान

गोपीनाथने तिसऱ्यांदा चहा मागितला, तेव्हा गोदाने मोरीत ठेवलेला त्याचा कप उचलून आणला आणि त्याच्यासमोर धरला. तळाशी अजून ओलावा होता.

“आताच पिलात. दोन टाइम पिलात. यो बगा.”

त्याने कपात डोकावून पाहिलं. आधी नवल, मग संशय, आणि मग पकडल्या गेलेल्या पोरासारखं हसू त्याच्या चेहऱ्यावर आलं.

“खरंच की. डोसका फिरला माजा. माफ कर हां, गोदे.”

गोदा कप परत मोरीत ठेवायला वळली. माफ कर. तीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिने त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. दवाखान्यातून आल्यापासून मात्र दिवसातून दहादा ऐकत होती. चमचा पडला, माफ कर. पाणी सांडलं, माफ कर. टॉवेल कुठे ठेवला ते आठवत नाही, माफ कर हां, गोदे.

खाली चटईवर मटार सोलत बसलेली ऋतिका हसली. ती दर रविवारी डोंबिवलीहून यायची. आधी, म्हणजे चार महिन्यांपूर्वीपर्यंत, दिवाळी आणि गावची जत्रा एवढ्यापुरतीच यायची, तेही बाप घरात नसेल अशी वेळ बघून.

“आई, पप्पा किती क्यूट झालेत ना.”

तिच्या आवाजाने गोपीनाथने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे मोठे झाले.

“ऋतू? अगं, एवढी मोठी कवा झालीस तू?”

“आत्ताच, पप्पा. सकाळी.”

तो खदखदून हसला. तीही हसली. हा खेळ दर रविवारी व्हायचा आणि दर रविवारी त्याचं नवल खरंखुरं असायचं. गोदाने कपावर नळ सोडला आणि कप स्वच्छ झाल्यावरही तो तसाच चालू ठेवला.

माजिवड्याच्या गावठाणात त्यांचं घर. गोपीनाथचे आजोबा मिठागरात राबले, बापाने भातशेती केली, आणि गोपीनाथने कोलशेतच्या कंपनीत नोकरी. मग शेत गेलं, तिथे टॉवर उभा राहिला. जुन्या घराच्या जागी तीन मजली बिल्डिंग झाली आणि वरच्या खोल्यांत भाडेकरू आले. गोपीनाथने नोकरी सोडली. करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो प्यायला लागला. सुरुवातीला संध्याकाळी, मित्रांबरोबर. मग दुपारी. मग तोंड धुतल्यावर, एकटा. अशी वीस वर्षं.

गेल्या गणपतीत मूर्ती उठल्यावर त्याने अन्नच सोडलं. तीन आठवडे पोटात दारूशिवाय काही गेलं नाही, आणि गेलं ते उलटून पडलं. मग एका सकाळी तो पलंगावरून उठायला गेला तर पाय जमिनीवर ठरेनात. गोदाने चेहरा बघितला तर त्याची बुबुळं आपोआप डावी-उजवीकडे हलत होती. तो तिच्याशी बोलत होता, पण कशाचा कशाला मेळ नव्हता. वरच्या भाडेकरूंनी उचलून रिक्षात घातलं.

वॉर्डातली डॉक्टर तरुण होती आणि शांत बोलायची. पोट टम्म का झालंय, डोळे पिवळे का, ते तिने सोनोग्राफीचा कागद दाखवून सांगितलं. लिव्हर अर्ध्याहून जास्त कामातून गेलं होतं. ते गोदाला अपेक्षित होतं. गावात दोघा-तिघांना तिने तसं जाताना पाहिलं होतं. डोक्याचं मात्र तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

“दारूमुळे एक व्हिटॅमिन अंगाला लागायचं बंद होतं,” डॉक्टर म्हणाली. “बी-वन. वर्षानुवर्षं ते कमी पडत गेलं, त्यात शेवटी जेवण बंद. मेंदूतला आठवणींचा भाग असतो, त्याला मार बसलाय. इंजेक्शनं चालू केलीत. डोळे सुधारतील, चालणं बऱ्यापैकी सुधारेल. आठवणीचं मी आश्वासन देणार नाही.”

डोळे तिसऱ्या दिवशी स्थिर झाले. महिन्याभरात तो पाय फाकवून, होडीत उभं राहावं तसा, चालायला लागला. मग एके दिवशी डॉक्टर खाटेशी बसून त्याला प्रश्न विचारू लागली. गोदा पायथ्याशी उभी होती.

“कितवं साल चालू आहे, काका?”

“दोन हजार दोन.”

“काम काय करता?”

“कोलशेतला, कंपनीत. सेकंड शिफ्ट चालू हाय.”

“काल कुठे होतात?”

“काल खडवलीला गेलतू. सासऱ्याकडं. त्यांनी काकड्या दिल्या पिशवीभर.” तो गोदाकडे बघून हसला. “इचार हिला.”

गोदाचा बाप जाऊन चौदा वर्षं झाली होती. त्याच्या तिरडीपुढे हाच माणूस झिंगून पडला होता, आणि खडवलीच्या लोकांनी त्याला बाजूला ओढून मग तिरडी उचलली होती.

“दारू घेता का, काका?”

गोपीनाथचा चेहरा पडला. कोणी घरंदाज माणसाला भलतंसलतं विचारावं तसा.

“नाय, बाय. आमच्यात हलदीला घेतात लोकं. मी नाय.”

डॉक्टर गोदाला बाहेर घेऊन गेली. “ते खोटं बोलत नाहीयेत,” तिने समजावलं. “जिथे आठवण नाही तिथे मेंदू काहीतरी भरून टाकतो. मधली बरीच वर्षं पुसली गेलीत, आणि नवीन काही टिकणार नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. एक चांगलं आहे बघा. दारू मागतच नाहीयेत.”

गोदाने मान हलवली. दोन हजार दोन साली त्याने तिच्यावर एकदाही हात उचलला नव्हता. कंपनीतून येताना तो ऋतिकासाठी चिक्की आणायचा. जे काही झालं ते सगळं त्यानंतर झालं होतं.

वीस वर्षं तिने एक गोष्ट मनाशी धरून ठेवली होती. कधीतरी ह्याची दारू सुटेल. देवीच्या नवसाने सुटेल, नाहीतर शरीर थकलं म्हणून सुटेल. त्या दिवशी ह्याला समोर बसवायचं आणि विचारायचं. का केलंस? एकेक प्रसंग घेऊन विचारायचं. वाक्यंसुद्धा ठरली होती. भाकरी थापताना, कपडे पिळताना ती मनातल्या मनात म्हणून बघायची. आता दारू सुटली होती, माणूस समोर बसला होता, आणि विचारायला आत कोणी नव्हतं. तो मागच्या दाराने कधीच निघून गेला होता.

रविवारची जेवणं झाल्यावर गोपीनाथ आडवा झाला. ऋतिका ओट्याशी उभी राहून डबा भरत होती.

“खरं सांगू, आई? किती वर्षांनी माहेरी आल्यासारखं वाटतंय. मला माझे पप्पा परत मिळाले.”

गोदाने कढईतली भाजी डब्यात काढून दिली.

“त्या दिवशी तू दाराच्या मागं व्हतीस,” ती म्हणाली.

“कुठल्या दिवशी?”

“माज्या कानाच्या.”

ऋतिकाने डब्याचं झाकण लावलं. नीट बसलं नाही म्हणून काढून पुन्हा लावलं.

“मला नीट आठवत नाही गं. लहान होते मी.”

“सहावीत व्हतीस. तुज्या शाळेतनंच आलेली मी. मीटिंग व्हती.”

“आई, प्लीज. सोड ना आता. त्यांनाच आठवत नाहीये, तर आपण कशाला...”

“त्यांना आठवत नाय, मंजे झालाच नाय?”

“असं नाही म्हणत मी.” ऋतिकाने डबा पिशवीत ठेवला, मग ओढणी शोधली. “पण तू रोज तेच धरून बसलीस तर तुलाच त्रास होणार ना? बघ ना, माणूस किती बदललाय. थोडं तरी एन्जॉय कर.”

निघताना ती आत डोकावली. गोपीनाथ जागा झाला होता. त्याने हात हलवला. तिने आतमध्ये जाऊन त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मग ती गेली. गोदा दारात उभी राहिली. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तरी ती तिथेच होती. शेजारच्या केशरबाईने गॅलरीतून हाक मारली.

“गेली का गं पोर? बापाला बघाया येते, चांगला हाय. देवमानूस झाला बग गोपीनाथ. तुजा नशीब उघडला.”

गोदा हसली. हसावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीनंतर तिने त्याला खिडकीशी खुर्चीत बसवलं आणि शेजारी बसून तांदूळ निवडायला घेतले. तो तिच्या डाव्या बाजूला होता. काही वेळाने तिच्या लक्षात आलं की त्याचे ओठ हलताहेत.

“कं?” तिने मान पूर्ण फिरवून उजवा कान त्याच्याकडे केला.

“मी मगापासनं बोलतंय. ऐकू नाय येत?”

“ह्या कानानं नाय येत.”

“कवापासनं?” तो काळजीने पुढे वाकला. त्याने तिच्या कानामागचे केस हलकेच बाजूला केले, बाहेरून काही दिसतंय का ते बघायला. “कं झाला कानाला? मना सांगितला नाय तू.”

त्याची बोटं मऊ होती. गोदाने सूप खाली ठेवलं.

“मारला,” ती म्हणाली.

“कोनी?”

तिने जन्मात त्याला एकेरी हाक मारली नव्हती.

“तू.”

मग तिने सांगितलं. शाळेच्या मीटिंगहून यायला उशीर झाला. तू दारात उभा होतास. चप्पल काढायलाही दिली नाहीस. हात असा उचललास, असा, आणि इथे मारलास. फुगा फुटल्यासारखा आवाज झाला. मग नुसती शिट्टी. उशीला रक्त लागलं. खोपट भागातल्या डॉक्टरकडे तूच घेऊन गेलास. डॉक्टर म्हणाले पडदा फाटलाय, आतलं पण गेलंय, कसं झालं? मी सांगितलं बाथरूममध्ये पडले. तू शेजारी उभा राहून मान हलवलीस.

सांगताना तिचा आवाज चढला नाही. वाक्यं सगळी तयारच होती.

गोपीनाथ तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याचा खालचा ओठ आधी हलला, मग हनुवटी. मग त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि तो रडू लागला. पुरुष असा रडताना गोदाने फक्त मयतात पाहिला होता. तो खुर्चीतून घसरून खाली बसला, तिचे पाय धरले. “मी? मी केला यो? गोदे, मी?” एवढंच म्हणत राहिला. त्याच्या नाकातलं पाणी तिच्या साडीच्या काठाला लागलं.

गोदाने त्याला उठवलं नाही. छातीवरून कोणीतरी धोंडा उतरवावा तसा तिला श्वास आला. तिने त्याला रडू दिलं, मग पाणी दिलं, मग भात लावला. त्या दुपारी ती दोन तास गाढ झोपली. उठली तेव्हा तो पलंगावर बसून बाहेर बघत होता.

“कंपनीची गाडी आली का गं?” त्याने विचारलं.

तिने त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. काही नव्हतं. डोळे सुजलेले होते, पण कशाने ते त्याला ठाऊक नव्हतं. पुसून कोरडा केलेला कप असावा तसा तो तिच्यासमोर बसला होता, आणि तिला मिळालेली माफी पुन्हा कुठेच नव्हती.

म्हणून तिने मंगळवारी पुन्हा सांगितलं. बुधवारीही.

मग अकराची वेळ ठरून गेली. अंघोळ, नाश्ता, गोळ्या झाल्या की ती खिडकी लावून घ्यायची, कारण केशरबाईने एकदा विचारलं होतं, गोपीनाथ रडत व्हता का गं? “आजार हाय तो,” गोदा म्हणाली होती, “मधीच रडतो.” खिडकी लावली की ती त्याच्यासमोर बसायची आणि आपला डावा कान दाखवायची. हात असा उचललास, असा. कधी कानाचं झालं की तिरडीचं सांगायची. कधी ऋतिकाच्या बारावीच्या पेपरच्या आदल्या दिवशीचं, जेव्हा दोघींना केशरबाईकडे झोपावं लागलं होतं. तिचे शब्द रोज तेच असत. त्याचं रडणं मात्र रोज नवं होतं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं, कारण तो पहिल्यांदाच ऐकत होता. रोज तो हबकायचा, रोज पाय धरायचा, रोज म्हणायचा मी मेलू का नाय गं तवाच.

सकाळी उठल्यापासून तिचं घड्याळाकडे लक्ष असायचं. गुरुवारी व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट यायचा, तो एकदा नेमका पावणेअकराला आला आणि बारापर्यंत बसला. त्या तासाभरात गोदाचं चित्त कशात लागेना. आमटीत दोनदा मीठ पडलं. तो माणूस गेल्यावर तिने दार लावलं, गॅस बंद केला आणि ओल्या हातांनीच खिडकी ओढून घेतली.

असे पाच आठवडे गेले. रविवारी ती काही बोलायची नाही. रविवार ऋतिकाचा होता.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी, तिने सगळं सांगून झाल्यावर गोपीनाथ रडला नाही. तो हसला.

“मस्करी करतस माजी,” तो म्हणाला.

“मस्करी नाय.”

“मी? तुज्यावर हात उचलीन?” त्याने मान हलवली. त्याच्या हसण्यात कपट नव्हतं, लबाडी नव्हती. स्वतःबद्दल एवढी खात्री तिने त्याच्या चेहऱ्यावर लग्नाच्या वर्षात पाहिली होती. “नाय गं. मी तसा मानूस नाय. तुला ठाऊक नाय का? दुसऱ्या कोनाचा तरी सांगतस तू.”

“दुसरा कोन?”

“मना कं म्हाईत. तुज्या बापानं मारला असंल लहानपनी.”

गोदाचा हात उठला आणि त्याच्या गालावर पडला.

आवाज मोठा झाला. बंद खिडकीच्या खोलीत जास्तच मोठा वाटला. गोपीनाथची मान एका बाजूला गेली आणि तिथेच राहिली. त्याने गालाला हात लावला नाही, ओरडला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता की प्रश्नही नव्हता. जनावर बघतं तसं ते बघणं होतं.

गोदा उठून स्वयंपाकघरात गेली. तळहात चुरचुरत होता. तिने तांदूळ धुतले, पाणी ओतून पुन्हा धुतले. कुकर लावला. बाहेर जाऊन त्याला काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. तीन शिट्ट्या झाल्या. मग ती दारात येऊन उभी राहिली.

गोपीनाथ गाल चोळत होता.

“गोदे, यो गाल का हुलहुलतंय गं?”

“पडलात,” गोदा म्हणाली. “बाथरूममधे.”

वाक्य तोंडातून तयार निघालं. बाहेर पडल्यावर तिने ते ऐकलं.

“पडलू? मना आठवत बी नाय.” तो ओशाळला. “तुला किती तरास माजा.”

ती त्याच्यासमोर बसली. गालावर चार बोटं उमटली होती, संध्याकाळपर्यंत जातील. ज्याला मारलं तो विसरला होता. पाहणारं कोणी नव्हतं. तिने आज मारलं, उद्या मारलं, रोज अकरा वाजता मारलं, तरी ह्या घरात ते कधी झालंच नाही असं होणार होतं. किती सोपं आहे हे तिला एकदम कळलं. ती उठली आणि तिने खिडकी सताड उघडली.

त्यानंतर तिने त्याला काही सांगितलं नाही. बुधवारी अकरा वाजले तेव्हा ती बाजारात जाऊन बसली आणि केशरबाईला त्याच्याजवळ ठेवलं. गुरुवारी व्यायामाचा माणूस होता. शुक्रवारी, शनिवारी तिने घरातले सगळे डबे काढून घासले. अकरा वाजायचे, वाजून जायचे. हातात घासणी घट्ट धरून ती तो तास काढायची.

पण काहीतरी बदललं होतं. गोपीनाथ आता ती जवळ आली की बोलता बोलता थांबायचा. गोळ्या द्यायला गेली की घ्यायचा, पण तिच्या हातातून नाही. खाली ठेव म्हणायचा. केशरबाईशी पूर्वीसारखाच हसायचा.

रविवारी सकाळी ऊन चांगलं होतं. गोदाने त्याला अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. त्याच्या डोक्यावरून कपड्यांची दोरी गेली होती. ऋतिका आली ती पिशवी भिंतीशी टेकवून पायरीवर बसली आणि सँडलचा पट्टा सोडवू लागली.

“एवढी मोठी कवा झालीस?” गोपीनाथने विचारलं.

“आत्ताच, पप्पा.”

गोदा आतून आली. दोरीवरचा टॉवेल वाळला होता. तो काढायला ती त्याच्या खुर्चीशी गेली आणि तिने हात वर केला.

गोपीनाथचं कोपर झटक्यात वर आलं. त्याने चेहरा दंडात लपवला, डोकं खांद्यात ओढून घेतलं आणि डोळे गच्च मिटले. खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली. तो श्वास धरून तसाच बसला होता. काहीच झालं नाही. मग त्याने एक डोळा उघडला, हात हळूहळू खाली घेतला आणि तो गोंधळून हसला.

“मना कं झाला कलत नाय,” तो म्हणाला. “उगाच भ्यालू.”

ऋतिकाचं बोट पट्ट्याच्या बकलवर थांबलं होतं.

“हल्ली करतात असा,” गोदा घाईने म्हणाली. “आजारामुलं. डॉक्टरला इचारायचाय मना.”

ऋतिका बापाकडे बघत नव्हती. आईच्या वर उचललेल्या हाताकडे बघत होती. मग तिने मान खाली घातली. बोलली तेव्हा तिचा आवाज इतका लहान होता की गोदाला उजवा कान तिच्याकडे करावा लागला.

“तू असाच तोंडावर हात धरायचीस, आई,” ती म्हणाली. “असंच कोपर. दाराच्या फटीतून मला एवढंच दिसायचं.”